वाहत्या बोयाने समुद्री बर्फ आणि लाटा मोजायच्या कशा: बांधणीपासून आलेखापर्यंत

उपग्रहाच्या चित्रात बर्फ कुठवर पसरलाय हे दिसतं. पण त्या बर्फाच्या खालून येणारी लाट किती उंच आहे, ती आत किती किलोमीटरवर विरते आणि कालची लादी (बर्फाचा तरंगता तुकडा) आज नेमकी कुठे आहे, हे कळायला बर्फावरच काहीतरी ठेवावं लागतं. ते काम वाहता बोया, म्हणजे मोजणारी यंत्रं बसवलेला तरंगता डबा, करतो. तो कुठेही नांगरलेला नसतो. बर्फ नेईल तिकडे जातो, दर अर्ध्या तासाला आपली जागा नोंदवतो, ठरावीक वेळी लाटा मोजतो आणि सगळं उपग्रहामार्फत घरी पाठवतो.

ही कल्पना जुनी आहे. १८९३ ते १८९६ या काळात नॉर्वेचा शोधक नान्सेन याने ‘फ्राम’ हे जहाज मुद्दाम बर्फात अडकवून वाहू दिलं. बर्फ वाऱ्याच्या दिशेने सरळ न जाता २० ते ४० अंश उजवीकडे कलतो, हे त्या प्रवासात दिसलं आणि वारा आणि पृथ्वीचं भ्रमण मिळून पाणी कसं सरकवतात हे सांगणारा एकमनचा सिद्धांत त्यातूनच उभा राहिला. आर्क्टिकमध्ये बोयांचं सलग जाळं १९७९ पासून आहे. अलीकडे बदलली ती किंमत आणि आकार. २०२२ मध्ये आराखड्यासह प्रसिद्ध झालेल्या ‘ओपनमेटबॉय’सारख्या मुक्त रचनेमुळे दोन मुठींएवढ्या डब्यात लाटा मोजणारं पूर्ण यंत्र बसतं आणि ते छोट्या प्रयोगशाळेतही जुळवता येतं. खालची माहिती त्या धाटणीच्या बोयाबद्दल आहे.

एक गोष्ट पहिल्यापासून मनात ठेवा: बोया परत येणार नाही. मेमरी कार्डावर साठवलेलं वाचायला मिळणार नाही, सैल झालेला स्क्रू आवळता येणार नाही. जे उपग्रहाने पाठवलं तेवढंच आपलं. खालचा जवळजवळ प्रत्येक निर्णय यातून निघतो.

आधी प्रश्न, मग मांडणी

नुसता प्रवाह मोजायचा असेल तर एक बोयाही उपयोगी पडतो. ढोबळ नियम असा की मोकळा वाहणारा बर्फ वाऱ्याच्या वेगाच्या सुमारे २ टक्के वेगाने सरकतो. सेकंदाला १० मीटर वारा असेल तर सेकंदाला २० सेंटिमीटर, म्हणजे दिवसाला सुमारे १७ किलोमीटर. यावर पृथ्वीच्या भ्रमणामुळे येणारी गोल-गोल हालचाल चढलेली असते. ८० अंश अक्षांशावर तिचा काळ सुमारे १२.१५ तास, आणि मुख्य चांद्र भरतीचा काळ १२.४२ तास. दोन्ही इतके जवळ आहेत की ते वेगळे करायला किमान काही आठवड्यांची सलग नोंद लागते. दर सहा तासांनी जागा घेतली तर ही वळणं जवळजवळ पुसली जातात. दर ३० मिनिटांनी घ्या.

त्याहून फार दाट घेण्यातही अर्थ नाही. साध्या जीपीएसची चूक ५ मीटर धरली आणि दोन नोंदींमध्ये एकच मिनिट असेल, तर वेगातली चूक सेकंदाला १२ सेंटिमीटरच्या आसपास जाते. म्हणजे मोजायच्या वेगाच्या निम्मी. तीच चूक ३० मिनिटांवर पसरली की सेकंदाला ४ मिलिमीटर उरते.

बर्फ पसरतोय की आकसतोय हे पाहायचं असेल तर किमान तीन बोये त्रिकोणात लागतात. त्रिकोणाचं क्षेत्रफळ ज्या दराने बदलतं त्याला क्षेत्रफळाने भागलं की प्रसरणाचा दर मिळतो. त्रिकोण चपटा झाला, एखादा कोन १५ अंशांखाली गेला, की जागेतली लहान चूक क्षेत्रफळात प्रचंड दिसते. म्हणून तीनऐवजी पाच-सहा बोये सोडावेत. एखादा बंद पडला, एखादा भलतीकडे गेला, तरी चांगला त्रिकोण निवडता येतो.

लाटांसाठी मांडणी निराळी. लाटेची ऊर्जा बर्फात शिरल्यावर अंतराप्रमाणे घातांकी पद्धतीने घटते. त्या घटीचा गुणांक हवा असेल तर बोये लाट येते त्या दिशेच्या रेषेत हवेत आणि त्यांच्यात पुरेसं अंतर हवं. इथे अनेक मोहिमा कमी पडतात, म्हणून हिशोब करून पाहू. ऊर्जेचा क्षयगुणांक मीटरला ०.००००२ धरा. ५ किलोमीटर अंतरावर ऊर्जा सुमारे ९० टक्के उरते, म्हणजे लाटेची उंची ९५ टक्के. आता १० सेकंद आवर्तकाळाच्या लाटा २० मिनिटं मोजल्या तर जेमतेम १२० लाटा हाती लागतात, आणि तेवढ्या नमुन्यातून काढलेल्या उंचीत ५ टक्क्यांच्या आसपास अनिश्चितता असतेच. दोन बोयांची तुलना केली की ती आणखी वाढते. थोडक्यात, जे मोजायचं तेच चुकीत बुडतं. ४० किलोमीटर अंतर ठेवलं तर ऊर्जा ४५ टक्क्यांवर, उंची ६७ टक्क्यांवर येते आणि फरक ठळक दिसतो. दाट, जाड बर्फात क्षय जास्त असतो, तिथे अंतर कमी चालेल. काठाच्या सैल पट्ट्यात ते वाढवा.

सुटे भाग

मुख्य पाटीवर (सर्किट बोर्डावर) चार गोष्टी हव्यात: कमी वीज खाणारा मायक्रोकंट्रोलर, जीपीएस, इरिडियम या उपग्रह-जाळ्यावरून छोटे संदेश पाठवणारा शॉर्ट बर्स्ट डेटा मोडेम आणि अँटेना. स्पार्कफनच्या आर्टेमिस ग्लोबल ट्रॅकर या पाटीवर अपोलो३ प्रोसेसर, झेडओई-एम८क्यू जीपीएस आणि ९६०३एन मोडेम एकत्र येतात, त्यामुळे वायरिंग निम्म्याहून कमी होतं. तिला हालचाल मोजणारा सेन्सर जोडायचा. आयएसएम३३०डीएचसीएक्स हा त्वरण आणि कोनीय वेग मोजतो, सोबत एलआयएस३एमडीएल हा चुंबकमापी. हे दोन्ही एकाच छोट्या पाटीवर मिळतात.

इरिडियमच का? त्याचे ६६ उपग्रह जवळजवळ ध्रुवांवरून जातात. भूस्थिर उपग्रह ८१ अंशांपलीकडे क्षितिजाखाली असतात आणि त्याआधीच निरुपयोगी होतात. जीपीएसचे उपग्रह ५५ अंशांच्या कलाने फिरतात, म्हणून ध्रुवावर ते डोक्यावर कधीच येत नाहीत, फार तर ४५ अंशांवर दिसतात. त्याने उंचीची अचूकता बिघडते, पण आडव्या जागेला पुरेशी राहते.

वरच्या पाटीवर जीपीएस आणि इरिडियम एकच अँटेना वाटून घेतात. जीपीएस १५७५ मेगाहर्ट्झवर ऐकतो, इरिडियम १६१६ ते १६२६ मेगाहर्ट्झवर बोलतो. म्हणून दोन्ही एकाच वेळी चालवायचे नाहीत: आधी जागा घ्या, जीपीएसची वीज पूर्ण तोडा, मग मोडेम सुरू करा. हा क्रम फर्मवेअरमध्ये (यंत्रात भरलेल्या प्रोग्रॅममध्ये) चुकला तर टेबलावर कधी चालतं, कधी चालत नाही असं दिसतं आणि दोष शोधण्यात दिवस जातात.

सेल निवडताना

अल्कलाइन सेल उणे २० अंशांत मान टाकतात. लिथियम थायोनिल क्लोराइडचे डी आकाराचे ३.६ व्होल्टचे सेल घ्या. पण त्यातही दोन जाती आहेत, आणि चुकीची घेतली तर बोया पहिल्या थंडीत गप्प होतो. सॅफ्टचा एलएस३३६०० हा १७ अँपिअर-तासांचा आहे, आकडा मोहात पाडतो, मात्र तो सलग २५० मिलिअँपिअरच देतो. एलएसएच२० हा १३ अँपिअर-तासांचा, पण १.८ अँपिअरपर्यंत देऊ शकतो. मोडेम बोलताना क्षणभर सव्वा ते दीड अँपिअर खेचतो. पाटीवरचे सुपरकपॅसिटर हा झटका झेलतात, तरी ते भरायलाही प्रवाह लागतोच आणि थंडीत सेलचा अंतर्गत रोध वाढलेला असतो. एलएसएच२० घ्या.

दोन सेल समांतर जोडताना दोन्ही एकाच खेपेचे आणि न वापरलेले असावेत, आणि प्रत्येकाच्या वाटेत एक शॉटकी डायोड असावा, म्हणजे एक सेल दुसऱ्याला चार्ज करायला जात नाही. हे सेल चार्ज झाले तर फुटू शकतात. त्यांवर थेट सोल्डर कधीच करू नका, पत्तीजोड असलेले सेल मागवा. साठवणुकीत त्यांच्या आत एक थर धरतो आणि पहिल्यांदा भार पडताच व्होल्टेज खाली कोसळतं. जोडण्याआधी काही मिनिटं रोधकावर चालवा आणि व्होल्टेज ३.३च्या वर स्थिरावलं की मगच बसवा.

विजेचा हिशोब असा मांडा. लाटा मोजताना २० मिलिअँपिअर धरा. २० मिनिटं, दर दोन तासांनी एकदा, म्हणजे दिवसाला सुमारे ८२ मिलिअँपिअर-तास. जीपीएसला दर अर्ध्या तासाला एक मिनिट, ३५ मिलिअँपिअर, एकूण २८. इरिडियमला २० ठेवा. बेरीज १३०. दोन सेलचे कागदावर २६ अँपिअर-तास, थंडी आणि रेग्युलेटरची गळती जाऊन ७० टक्के हाती येतात असं धरलं तर १८ च्या आसपास. म्हणजे १४० दिवस, साडेचार महिन्यांहून थोडं अधिक. या हिशोबात ८२ चा आकडा सगळ्यात मोठा आहे, म्हणून आयुष्य वाढवायचं तर लाटांची मापं दोनऐवजी तीन तासांनी घ्या. जीपीएस कमी करून फारसं काही वाचत नाही.

झोपेतला प्रवाह मीटरवर प्रत्यक्ष मोजा. तो एक मिलिअँपिअरच्या बराच खाली असायला हवा. एक एलईडी काढायचा राहिला, तरी महिन्याचं आयुष्य जाऊ शकतं.

लाट कशी मोजली जाते

जीपीएस लाट मोजत नाही. सेन्सर त्वरण मोजतो, त्यातून उभी हालचाल काढायची. ध्रुवीय बर्फातली लाट किती नाजूक असते ते आकड्यांत पाहा. १६ सेकंदांची, ५ मिलिमीटर आयामाची लाट घेतली तर तिचं त्वरण ०.०००७७ मीटर प्रति सेकंद वर्ग, म्हणजे गुरुत्वाच्या दहा लाखांत ८० भाग. उलट बाजूला, सेन्सरचा कल एका अंशाने चुकला तर उभ्या त्वरणात ०.००१५ ची चूक येते, लाटेच्या दुप्पट. ही चूक स्थिर असेल तर सरासरी वजा केली की जाते. ती लाटेबरोबर डोलत असेल तर जात नाही. म्हणून यंत्र नेमकं किती झुकलंय हे प्रत्येक क्षणी काढणारं गणित लागतं आणि तिथे काल्मन फिल्टर येतो.

व्यवहारात क्रम असा:

१. त्वरण आणि कोनीय वेग सेकंदाला ८०० वेळा वाचा. इतक्या वेगाने वाचायचं कारण म्हणजे लाद्या एकमेकींवर आपटतात, त्याचे झटके उच्च वारंवारतेचे असतात. सेकंदाला दोनदाच वाचलं तर ते झटके खालच्या वारंवारतेत उतरून लाट असल्याचा भास देतात.

२. त्यांची सरासरी काढत सेकंदाला १०० वेळा काल्मन फिल्टर चालवा, त्याच्या आधारे त्वरण पृथ्वीच्या उभ्या दिशेत फिरवा आणि सेकंदाला १० नोंदी ठेवा.

३. २० मिनिटं २९ सेकंदांत १२,२८८ नोंदी जमतात. त्यांचे २,०४८ नोंदींचे तुकडे करा, शेजारचे तुकडे ७५ टक्के एकमेकांवर येऊ द्या. २१ तुकडे मिळतात. प्रत्येकाचा स्पेक्ट्रम (कोणत्या वारंवारतेला किती ऊर्जा आहे ते) काढून सरासरी घ्या. वारंवारतेची पायरी ०.००४९ हर्ट्झ येते.

४. त्वरणाच्या स्पेक्ट्रमला कोनीय वारंवारतेच्या चौथ्या घाताने भागा, की उंचीचा स्पेक्ट्रम मिळतो.

चौथी पायरी धोक्याची आहे. ०.०४ हर्ट्झवरचा आवाज (सेन्सरची स्वतःची खळबळ) ०.१ हर्ट्झवरच्या आवाजापेक्षा ३९ पट फुगतो. खालच्या टोकाला दिसणारा उंच सुळका बहुतेक वेळा लाट नसतो, फुगलेला आवाज असतो. म्हणून सुमारे ०.०४४ ते ०.३१ हर्ट्झ एवढाच पट्टा ठेवा, त्यात वारंवारतेच्या एकेका पायरीचे ५५ खाने बसतात. या पट्ट्याच्या क्षेत्रफळाच्या वर्गमुळाला ४ ने गुणलं की लक्षणीय लाट-उंची (साधारणपणे सर्वांत उंच तृतीयांश लाटांची सरासरी) येते.

चुंबकमापीवर फार विसंबू नका. चुंबकीय ध्रुवाजवळ आडवं क्षेत्र क्षीण असतं आणि शेजारचे सेल, स्क्रू तेही बिघडवतात. उभ्या हालचालीला त्याची फारशी गरज नाही. दिशा हवी असेल तर सेल बसवून झाल्यावर, डबा बंद करण्याआधी, तो सगळ्या बाजूंनी फिरवून चुंबकमापीचं समायोजन करा. सुट्या पाटीवर केलेलं समायोजन कामाचं नाही.

संदेश बांधणे

९६०३ मोडेम एका वेळी ३४० बाइट पाठवतो, २७० बाइट घेऊ शकतो. जागेच्या एका नोंदीला वेळ, अक्षांश, रेखांश मिळून १२ बाइट लागतात. चार बाइटांत अंशाचा कोट्यंश मावतो, म्हणजे जमिनीवर सेंटिमीटरभर, आणि तेवढं पुरून उरतं. लाटेच्या स्पेक्ट्रमच्या ५५ खान्यांना दोन-दोन बाइट दिले तर ११०, शिवाय उंची, काळ, व्होल्टेज, तापमान. एक माप एका संदेशात आरामात बसतं. जागेच्या नोंदी मात्र सुट्या पाठवू नका, गठ्ठ्याने पाठवा. प्रत्येक जोडणीला वीज लागते, आणि अनेक पुरवठादार बाइटांच्या ठरावीक गटावर पैसे आकारतात.

बर्फवादळात, किंवा डबा उलटला तर, काही दिवस संपर्क तुटतो. न गेलेले संदेश मेमरीत रांगेत ठेवा. रांग भरली की सगळ्यात जुना टाकून द्यायचा. संपर्क आला की आधी ताजा संदेश पाठवा, मग मागचे एकेक करून. उलट क्रम ठेवला तर बोया आत्ता कुठे आहे हे कळायला तासन्‌तास जातात, आणि जहाज जवळ असेल तर तीच माहिती मोलाची असते. वॉचडॉग (प्रोग्रॅम अडकला की यंत्र आपोआप पुन्हा सुरू करणारी सोय) चालू ठेवा. कुठल्याही कामाला वेळेची मर्यादा घाला, नाहीतर एका न मिळालेल्या जीपीएस जागेपायी सगळा सेल रिकामा होतो.

जमिनीवरून बोयाला संदेश पाठवून मापांचं अंतर बदलण्याची सोय ठेवली, तर वादळ येण्याआधी दाट मापं घेता येतात.

डबा

१२ × १२ × ९ सेंटिमीटरचा पॉलिकार्बोनेट डबा सुमारे १.३ लिटर पाणी बाजूला सारतो, म्हणजे समुद्रात १.३ किलोला तरंगतो. सगळं मिळून वजन ६०० ते ७०० ग्रॅम ठेवलं तर बर्फ वितळल्यावरही तो तरंगत राहील. सेल तळाला, अँटेना वर. मोकळ्या पाण्यात सुलटा राहावा म्हणून तळाला छोटी साखळी लावता येते. नुसत्या डब्याचा गुरुत्वमध्य पुरेसा खाली नसेल तर लाट त्याला उलथवते आणि अँटेना पाण्यात जाते.

पांढरा किंवा फिका रंग द्या. काळा डबा उन्हात तापतो, खालचा बर्फ वितळवतो आणि स्वतःच्या खड्ड्यात बुडतो. सीलला सिलिकॉन ग्रीसचा पातळ थर, आत ओलावा शोषणारी पुडी, पाटीवर संरक्षक लेप आणि सेलभोवती घट्ट फोम. सेन्सरची पाटी डब्याला पक्की हवी. ती फोममध्ये सैल बसली तर बर्फाची नव्हे, फोमची हालचाल मोजली जाते.

चालू-बंद करायला बाहेरचं बटन नको, तिथून पाणी शिरतं. रीड स्विच बसवा: बाहेरून चुंबक चिकटवलेलं असेपर्यंत यंत्र बंद, काढलं की चालू. चुंबकावर लाल पट्टी गुंडाळा आणि ‘हे काढा’ असं लिहा. चुंबक तसंच ठेवून सोडलेला बोया कायमचा मुका राहतो.

पाठवण्याआधीची परीक्षा

चाकाची चाचणी सर्वांत खात्रीची. सेन्सर अर्धा मीटर त्रिज्येच्या उभ्या चाकावर असा बांधा की फिरताना तो सुलटाच राहील, आणि १० सेकंदांत एक फेरी करा. उत्तर आधीच ठाऊक आहे: लक्षणीय लाट-उंची १.४१ मीटर, शिखर ०.१ हर्ट्झवर. ५ टक्क्यांपेक्षा जास्त फरक आला तर गणितात किंवा सेन्सरच्या मापन-पल्ल्याच्या निवडीत चूक आहे. मग डबा स्थिर टेबलावर ठेवून मोजा, तो तुमच्या आवाजाचा पाया. हा स्पेक्ट्रम प्रत्येक बोयासाठी जपून ठेवा, विश्लेषणात पुन्हा लागेल.

नंतर दोन दिवस फ्रीझरमध्ये उणे २० अंशांवर, शक्य असेल तर त्याहून खाली. फ्रीझरच्या धातूतून उपग्रह दिसत नाही. म्हणून थंड झालेला डबा लगेच उघड्या आकाशाखाली नेऊन संदेश जातो का पाहा. थंडीत सोल्डरचे कच्चे सांधे उघडे पडतात. शेवटी किमान आठवडाभर छतावर, प्रत्यक्षातल्या वेळापत्रकानुसार चालवा. प्रत्येकाचा आयएमईआय (मोडेमचा ओळख क्रमांक), नाव, फर्मवेअरची आवृत्ती आणि अपेक्षित पहिल्या संदेशाची वेळ एका तक्त्यात असू द्या.

लिथियम सेल विमानातून न्यायला कडक नियम आहेत. सुटे सेल यूएन ३०९०, यंत्रात बसवलेले वा यंत्रासोबतचे यूएन ३०९१ खाली येतात. कागदपत्रं सुरू करायला उशीर करू नका. अंटार्क्टिकात १९९१ च्या माद्रिद प्रोटोकॉलनुसार पर्यावरणावरच्या परिणामाचं मूल्यमापन आधी लागतं. आपण तिथे सेल आणि प्लास्टिक सोडून येतो, ते खरंच लागेल तेवढंच असलं पाहिजे.

लादी निवडणे

लाटा मोजायच्या तर लादी लाटेपेक्षा बरीच लहान हवी. खोल पाण्यात तरंगलांबी म्हणजे आवर्तकाळाच्या वर्गाच्या १.५६ पट: १० सेकंदांना १५६ मीटर, १६ सेकंदांना ४०० मीटर. २० मीटरची लादी यातल्या कुठल्याही लाटेवर नुसती वरखाली होते. ३०० मीटरची लादी १० सेकंदांच्या लाटेवर वाकते आणि लाट कमी दाखवते. प्रवाहासाठी उलट: मोठी, जाड लादी जास्त काळ टिकते. दोन्ही हवं असेल तर दोन प्रकारच्या लाद्यांवर बोये ठेवा.

जाडी ड्रिलने मोजा, बर्फाची पातळी पाण्याच्या किती वर आहे ते आणि हिमाची खोलीही मोजा. या तीन आकड्यांवरून लादीवर पाणी चढेल का, हे कळतं. बर्फाची घनता ९१७ आणि समुद्राच्या पाण्याची १,०२५ धरली, तर एक मीटर जाड लादी पाण्याच्या साधारण १०.५ सेंटिमीटर वर असते. हिमाची घनता ३३० असेल तर ३३ सेंटिमीटर हिम पडताच ही उंची शून्य होते. हिमाची खोली बर्फाच्या जाडीच्या तृतीयांशाला पोचली की समुद्राचं पाणी हिमाखालून पसरतं आणि तिथला डबा खाऱ्या चिखलात गोठून बसतो. अंटार्क्टिकात हे वारंवार होतं. अशी लादी सोडून द्या, किंवा डबा लाकडी फळीवर उंच ठेवा.

ठेवताना भेगांपासून आणि दाबाने उभ्या राहिलेल्या कड्यांपासून दूर, पण अगदी सपाट खोलगट जागेतही नको, कारण उन्हाळ्यात वितळलेल्या पाण्याची डबकी तिथेच भरतात. वरचा मऊ हिम खरवडून डबा कठीण पृष्ठभागावर टेकवा, अँटेना आकाशाकडे, कल शक्य तितका कमी. कोरडा हिम वर साचला तरी संदेश जातो. ओला हिम आणि पाणी मात्र सिग्नल गिळतं. लोंबती केबल ठेवू नका. कोल्हे ती कुरतडतात आणि अस्वलं तर डब्याशीच खेळतात.

यंत्र बर्फावर पोचण्याच्या किमान तासभर आधी, जहाजाच्या उघड्या डेकवर सुरू करा. पहिला संदेश किनाऱ्यावर आल्याची खात्री झाली की मगच सोडा. पाण्यात सोडताना दोरीने अलगद उतरवा. उंच कठड्यावरून फेकलेल्या डब्यातला सेन्सर सरकतो आणि नंतरच्या सगळ्या मापांत ती चूक राहते. सोडल्याची वेळ, जागा, लादीचा व्यास, जाडी, हिम आणि मोजपट्टीसकट दोन-तीन फोटो एवढी नोंद तिथेच करा. सहा महिन्यांनी आलेखात विचित्र काही दिसलं की हाच कागद उपयोगी येतो.

लादीवर चालायचं ते अनुभवी माणसाच्या मागे, पुढचं पाऊल काठीने तपासत. समुद्री बर्फात खारं पाणी अडकलेलं असतं, त्यामुळे त्याच जाडीच्या गोड्या बर्फापेक्षा तो कच्चा असतो.

डेटा आल्यावर

जागा तपासताना अंशांची वजाबाकी करू नका. ८० अंशांवर रेखांशाचा एक अंश १९ किलोमीटरच असतो आणि १८० अंश ओलांडताना बोया अर्धं जग उडी मारल्यासारखा दिसतो. सगळ्या जागा आधी ध्रुवीय स्टिरिओग्राफिक (ध्रुव मध्यभागी धरलेल्या सपाट) नकाशात आणा, मग वेग काढा. सेकंदाला दोन मीटरपेक्षा जास्त वेग देणारी नोंद बाजूला ठेवून तपासा.

बोया अजून बर्फावर आहे की पाण्यात पडला, हे एका खुणेवरून कळत नाही. तापमान उणे १.८ अंशांच्या आसपास येऊन स्थिरावणं, स्पेक्ट्रमच्या वरच्या टोकाची ऊर्जा अचानक वाढणं आणि वाऱ्याबरोबरचा वेग बदलणं, या तिन्ही गोष्टी एकत्र पाहा. बर्फ लहान लाटा आधी खातो, त्यामुळे आत शिरताना शिखर-काळ (सर्वाधिक ऊर्जेच्या लाटेचा आवर्तकाळ) लांबत जातो. पाण्यात पडलेल्या डब्यात त्या लहान लाटा परत दिसू लागतात. पडल्यानंतरचा वेग बर्फाचा म्हणून वापरू नका, कारण हलक्या डब्याला वारा थेट ढकलतो.

दोन बोयांच्या लाटांची तुलना करताना लाटेला पोचायला वेळ लागतो हे धरा. १० सेकंदांच्या लाटेची ऊर्जा सेकंदाला ७.८ मीटरने सरकते. ४० किलोमीटरला सुमारे ८५ मिनिटं. वादळ चढत असताना एकाच वेळेची मापं जोडली तर बर्फात आतल्या बोयावर आधीची, लहान लाट असते आणि क्षय खोटाच जास्त दिसतो.

याहून फसवी चूक आवाजाची. बर्फात आत गेल्यावर वरच्या वारंवारतांची खरी लाट आवाजाच्या पायाखाली जाते. मग आतल्या बोयाचा स्पेक्ट्रम तिथे सपाट राहतो, आणि वारंवारता वाढली तरी क्षय वाढेनासा झाला, उलट कमी झाला, असं गणित सांगतं. वर्षानुवर्षं काही मापांत दिसलेला असा उतार आवाजामुळेही तयार होऊ शकतो, हे २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखवलं. म्हणून टेबलावर घेतलेला स्थिर स्पेक्ट्रम समोर ठेवा आणि ज्या खान्यात मोजलेली ऊर्जा त्या पायाच्या किमान दहापट नाही, तो खाना क्षयाच्या हिशोबातून वगळा. खाने कमी उरतात, आणि ते ठीक आहे.

प्रसिद्ध करताना वगळलेल्या नोंदी पुसू नका, खूण करून ठेवा. सोबत आवाजाचा पाया, सेन्सरचं समायोजन, फर्मवेअरची आवृत्ती आणि लादीचा तक्ता द्या. जागा आणि तापमान लगेच जागतिक हवामान जाळ्यावर पाठवण्याची सोय डेटा बॉय कोऑपरेशन पॅनेलमार्फत होते. त्यासाठी बोयाला जागतिक हवामान संघटनेचा क्रमांक सोडण्याआधीच घ्यावा लागतो.